कोणत्या बाजूला बसले होते?

शके १२०० नुकतंच उलटलं आहे. इसवी सनाच्या हिशेबात हा १२८०च्या आसपासचा काळ. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव आहे. निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडं अजून लहान आहेत, ज्ञानेश्वरी लिहिली जायला आणखी दहा वर्षं लागतील. तुम्ही वऱ्हाडात, ऋद्धिपूरच्या शिवारात उभे आहात. मार्गशीर्षातली सकाळ आहे. ज्वारी कणसांच्या भाराने वाकली आहे, मधूनमधून तुरीच्या ओळी आहेत, आणि माळ्यावर चढलेला एक पोरगा गोफण फिरवून पाखरं हाकलतो आहे.

पायवाटेने दोन बाया बोलत येतात. पहिली दोन वाक्यं तुमच्या डोक्यावरून जातात. चाल ओळखीची वाटते, शब्द मात्र निसटतात. तिसऱ्या वाक्यात ‘जालें’ ऐकू येतं आणि ते आपलं ‘झालं’ असल्याचं लक्षात येतं. मग ‘देखिलें’, ‘आइकिलें’ सुटे होतात. ‘केउतें’ म्हणताना एकीचा हात रस्त्याकडे जातो, म्हणून ‘कुठे’ हा अर्थ लागतो. ‘कव्हणी’ म्हणजे कोणी, हेही तसंच. गावाच्या वेशीपर्यंत कान रुळतो. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही मराठी आहे आणि थोडा धीर धरला तर ती तुम्हाला कळते. मला याचं दर वेळी नवल वाटतं. किती भाषांच्या लेकरांना हे भाग्य मिळालं असेल?

गावात शिरा. इथे तुम्हाला अंगावर जाडंभरडं वस्त्र आणि हातात झोळी घेतलेली माणसं दिसतील. भिक्षेची वेळ आहे. कोणाच्या झोळीत भाकरीचा तुकडा, कोणाच्या कण्या, कोणाच्या नुसतं आंबलेलं ताक. त्यातलंच तुमच्याही हातावर पडेल. त्यात मिरचीचा ठसका नसेल, कारण मिरची अजून समुद्रापलीकडे आहे आणि तिला या मुलखात यायला दोन शतकांहून जास्त अवकाश आहे. तिखटपणा मिऱ्याचा, आणि मिरी काही भिक्षेत पडत नाही.

ही माणसं चक्रधरांच्या परिवारातली आहेत. गुजरातेतून आलेल्या या प्रधानकुळातल्या पुरुषाने महाराष्ट्रात पायी भटकत, देवळांत आणि गुंफांत मुक्काम करत, कोणाचीही जात न विचारता मराठीत बोलत आयुष्य घालवलं. आता ते नाहीत. ते उत्तरेकडे निघून गेले, असं परिवार म्हणतो. पोरका झालेला हा मेळा ऋद्धिपुराला आला, कारण चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, गावाच्या भाषेत गुंडम राऊळ, इथे राहतात. परिवाराची सूत्रं नागदेवाचार्यांकडे आहेत. सगळे त्यांना भटोबास म्हणतात.

आणि तो पाहा, ओट्याच्या कडेला बोरू घेऊन बसलेला माणूस. ते म्हाइंभट, सराळ्याचे. एके काळी यांना विद्वत्तेची एवढी घमेंड होती, की आपल्याविना जग अंधारात आहे हे दाखवायला ते भर दिवसा दिवट्या लावून हिंडत, अशी त्यांची कथा सांगतात. चक्रधरांना वादात हरवायला म्हणून ते गेले आणि त्यांचेच होऊन परतले. संस्कृत शास्त्रं त्यांच्या जिभेवर आहेत. मनात आणलं तर स्तोत्रं रचतील, भाष्यं लिहितील. पण सध्या त्यांनी वेगळंच काम अंगावर घेतलं आहे. चक्रधर कुठे गेले, काय बोलले, काय जेवले, कोणाला काय उत्तर दिलं, हे ज्यांनी पाहिलं आणि ऐकलं त्या प्रत्येकाला गाठायचं आणि विचारायचं. ऐकणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. भटोबास एकटे बसून स्वामींचे प्रसंग मनातल्या मनात आठवत राहतात, ते पाहून म्हाइंभटांना हे लिहून काढायचं सुचलं, असं परंपरा सांगते.

त्यांच्यासमोर नमुना नाही, हे तुम्ही ध्यानात घ्यायला हवं. मराठीत लिहिलेलं आहे ते शिलालेखांत आणि ताम्रपटांत: कोणी कोणाला जमीन दिली, दान मोडणाऱ्याला कोणता शाप. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ११८८चा, पण तो ओवीत. माणसं घरात बसून बोलतात, रुसतात, हसतात, भाकरी मोडतात, ते गद्यात कसं उतरवायचं हे दाखवणारा ग्रंथ मराठीत नाही. वाक्य कुठे सुरू करायचं, कुठे थांबवायचं, दोन माणसांचा संवाद कसा मांडायचा, सगळं या माणसाला स्वतःच ठरवायचं आहे.

ते उठतात. एका वृद्धेकडे जायचं आहे. तुम्हीही मागोमाग चला. (ही वृद्धा मी कल्पिलेली आहे. चक्रधरांच्या परिवारात अशा कितीतरी बाया होत्या, आणि प्रश्न विचारण्याची जी रीत पुढे दिसेल ती ग्रंथाच्या पानापानावर आपली खूण ठेवून गेली आहे.)

म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली आहे. म्हाइंभट तिच्या समोर खाली बसतात. ती गोदाकाठचा एक प्रसंग सांगू लागते. स्वामींनी एका बाईला असं काही समजावलं, की तिचं दुःखच सरलं. ती गहिवरते. तुम्ही लेखक असाल तर इथेच तुमचा हात शिवशिवेल. गहिवर आला, डोळे भरले, झाली गोष्ट. पण म्हाइंभट तिचं रडणं ओसरू देतात आणि विचारतात, हे सकाळी घडलं की दुपारी? स्वामी देवळात कोणत्या बाजूला बसले होते? आरोगणा, म्हणजे जेवण, झालं होतं की व्हायचं होतं? ती बाई आपण होऊन बोलली, की स्वामींनी आधी विचारलं? आणि तू तिथे होतीस, की तुला कोणी सांगितलं?

म्हातारी थबकते. सूप बाजूला ठेवते. तिला आठवावं लागतं आहे. बघा, तिची नजर बदलली. मघाशी ती गोष्ट सांगत होती, आता ती त्या देवळात जाऊन बसली आहे. पूर्वेकडच्या पटिशाळेत, म्हणजे देवळाच्या पडवीत, ती म्हणते. नाही, पश्चिमेच्या, कारण ऊन पाठीवर येत होतं आणि सकाळ होती. बाईने डोक्यावरचं लुगडं ओढून घेतलं होतं. स्वामी लगेच बोलले नाहीत. आणि मग जे बोलले ते मघाच्यापेक्षा लहान निघतं. चार शब्दांचं. समजावणं नव्हतंच, एक प्रश्न होता.

पहिल्या सांगण्यात म्हातारीने स्वामींच्या तोंडी प्रवचन घातलं होतं. ते तिचं खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं आठवून आठवून आणि पुन्हा पुन्हा सांगून वाक्यांवर साय धरते, तशी ती धरली होती. बसण्याच्या बाजूपासून विचारत गेल्यावर खालचं वाक्य हाती लागलं. म्हाइंभटांच्या लेखनकलेचं मर्म मला इथे दिसतं. आपण शब्द शोधतो, तेव्हा बहुतेक वेळा अधिक सुंदर शब्द शोधत असतो. हा माणूस बोलला गेलेला शब्द शोधतो आहे, आणि तिथे पोहोचायला त्याने जागा, वेळ, जेवण आणि ऊन यांची वाट धरली आहे.

आता लिहिताना त्यांच्या खांद्यावरून डोकवा. वाक्यं आखूड आहेत. अमुक गावी बिढार होतं. आरोगणा झाली. पहुड झाला, म्हणजे स्वामी आडवे झाले. उपहुड झाला, म्हणजे उठले. मग एक बाई आली. तिने विचारलं. सर्वज्ञांनी, म्हणजे चक्रधरांनी, सांगितलं. बस. ज्याच्या पोतडीत उपमा-उत्प्रेक्षांचा खच पडला आहे, त्याने एकही बाहेर काढलेली नाही. ज्याला अलंकार येतच नाहीत त्याचा साधेपणा आणि ज्याने ते निग्रहाने मिटून ठेवले त्याचा साधेपणा, यांत फरक असतो. तो वाक्याच्या तोलात कळतो. कुठे थांबायचं हे या हाताला पक्कं ठाऊक आहे.

म्हातारी आणखी सांगते. शेणाचं घर असलेला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी पाखरीण, पाऊस येतो आणि कावळ्याचं घर वाहून जातं. तुम्ही चमकता. ही गोष्ट तुमच्या आजीने तुम्हाला भरवताना सांगितली होती. चक्रधरांनी ती सांगितली, म्हणून म्हाइंभटांनी तीही लिहिली. परब्रह्माच्या निरूपणाशेजारी चिऊ-काऊ बसवताना त्यांना संकोच झाला नाही. पंडिताने पोरांची गोष्ट गाळली असती तर कोणी विचारायला येणार नव्हतं. आपल्या बाळपणाची ती गोष्ट किमान यादवांइतकी जुनी आहे, हे आपल्याला कळलं ते या न गाळण्यामुळे.

संध्याकाळी टिपणं भटोबासांपुढे जातात. ते ऐकतात, जिथे खटकतं तिथे थांबवतात, दुरुस्त करतात. पण सगळंच मिटत नाही. एकीने सांगितलं की हे पैठणला घडलं, दुसरा म्हणतो बेलापूरला. दोघेही खरे, दोघांचीही श्रद्धा तितकीच. मग काय करायचं? लेखक म्हणून तुम्ही बहुधा एक निवडाल, अधिक शोभेल ते. इथे मात्र एक सांगणं मुख्य ठेवून दुसरं शेजारी लिहून ठेवायचा पायंडा पडतो आहे. अशा वेगळ्या सांगण्याला या ग्रंथाच्या परंपरेत ‘वासना’ म्हणतात, आणि तपासाअंती हाती आलेल्याला ‘शोधु’.

ही गोष्ट मला थोर वाटते, आणि तिची थोरवी पुरती कळायला एक ध्यानात घ्यावं लागेल. म्हाइंभट हे तटस्थ इतिहासकार नाहीत. चक्रधर हे त्यांच्या लेखी साक्षात परमेश्वर आहेत. ग्रंथात चमत्कारही येतात आणि ते त्यांनी मनापासून लिहिले आहेत. पण देवाचं बोलणं असल्यामुळेच त्यात आपला शब्द मिसळायची त्यांना भीती वाटते. श्रद्धेने माणूस सैल होतो असं आपण धरून चालतो. इथे तीच श्रद्धा बोरूला लगाम घालते आहे.

आता बैठकीत आणखी एक विषय निघतो, आणि आवाज जरा चढतात. केशिराजबास, म्हणजे केसोबास, मोठे संस्कृतज्ञ. त्यांनी संस्कृतात रचना केली आहे आणि पुढेही करायची इच्छा आहे. संस्कृतात लिहिलं तर काशीपासून कांचीपर्यंत पोहोचेल, मान मिळेल, टिकेल. भटोबास अडवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. परिवारातल्या ज्या बायांनी हे सगळं जपलं, त्यांनाच ते वाचता-ऐकता येणार नाही. केसोबास ऐकतात. चक्रधरांची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध करणारे आणि त्यांचे दृष्टांत एकत्र करणारे हेच केसोबास, आणि ती कामं त्यांनी मराठीत केली.

आज मराठीच्या अभिमानाच्या सभांत या प्रसंगाचा उल्लेख होतो, पण तो थोडा वेगळ्या अंगाने होतो असं मला वाटतं. भटोबासांच्या मनात भाषेचा झेंडा नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं होती, नावानिशी: आउसा, उमाइसा, महदाइसा. महदाइसा तर तिथेच बसलेली असेल. परिवारात सर्वांत जास्त शंका विचारणारी बाई ती. ऋद्धिपुरातच गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेपायी तिने धवळे गायले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. कोणासाठी लिहितो आहे हे लेखकाला चेहऱ्यांनिशी माहीत असलं, की भाषेचा प्रश्न आपोआप सुटतो. म्हाताऱ्यांना कळेल असं लिहायचं ठरलं आणि त्यातून मराठी गद्याचा पाया पडला.

बाहेर गलका होतो. गुंडम राऊळ आळीतून चालले आहेत. पोरं मागे लागली आहेत. राऊळ एका घरात शिरतात, मडक्यात हात घालतात, काहीतरी खातात, निघतात. पुढचं घर कोणाचं हे बघत नाहीत. ब्राह्मणाच्या घरी जातात तसेच गावकुसाबाहेरच्या घरीही. स्वतःशीच बोलतात, रागावतात, लहान मुलासारखे हट्ट धरतात. तोंडात एक ठरलेली शिवी आहे, ती येता-जाता सगळ्यांना मिळते आणि लोक ती प्रसादासारखी घेतात. कोणी त्यांना वेडा म्हणतं, कोणी देव. तुम्ही दाराशी उभे राहून पाहता. नीट पाहून ठेवा.

मग जरा पुढच्या काळात या. चौदावं शतक उजाडलं आहे, दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आहेत. त्या धामधुमीत, चक्रधरांच्या पंथात जिला खालशाची धाड म्हणतात त्या लुटीत, म्हाइंभटांच्या या ग्रंथाची, लीळाचरित्राची, मूळ पोथी गेली. एका माणसाने वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन, विचारून विचारून लिहिलेली ती पानं. पण ग्रंथ गेला नाही, कारण तो लोकांना पाठ होता. हिराइसेला होता, इतरांना होता. त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला, आणि म्हणून आज ‘हिराइसा पाठ’ असं नाव उरलं आहे. एका बाईच्या स्मरणशक्तीचं नाव ग्रंथाच्या आवृत्तीला मिळालं. म्हाताऱ्यांकडून घेतलेले शब्द पुन्हा एका बाईकडूनच परत आले. भटोबासांनी संस्कृत अडवलं नसतं तर हिराइसेने काय पाठ केलं असतं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

त्यापुढचा प्रवास झपाट्याने करू. पंथाने आपले ग्रंथ जपायला सांकेतिक लिप्या घडवल्या. सकळ लिपी त्यांतली मुख्य, अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह. तिच्याआड हे गद्य कितीतरी शतकं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला अनोळखी राहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांना या लिपीचा उलगडा झाला, मठांची दारंही हळूहळू उघडली. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून आणलं, शं. गो. तुळपुळे यांनी संपादन केलं, आणि वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा शब्दकोश १९९९ साली आला. वेशीवर तुम्ही ज्या ‘केउतें’पाशी अडखळलात, तिथे हा कोश हात देतो. आणि आता रिद्धपुरात, म्हणजे याच ऋद्धिपुरात, मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. गाव योग्य निवडलं. तिथे शिकणाऱ्या मुलांनी सुरुवातीचे काही महिने फक्त म्हाताऱ्यांच्या अंगणात बसून प्रश्न विचारावेत, असं मला फार वाटतं.

पण काळात मागे-पुढे जाता येतंच आहे, तर शेवटचं एकदा ऋद्धिपुराला या. शके १२१०चा सुमार. गोविंदप्रभूही आता नाहीत. एवढं प्रचंड काम करून म्हाइंभटांनी बोरू ठेवला असेल असं तुम्हाला वाटतं. ठेवलेला नाही. त्यांनी राऊळांच्या लीळा लिहायला घेतल्या आहेत, आणि हे काम आधीपेक्षा अवघड आहे. चक्रधर सुसंगत बोलत. प्रश्नाला उत्तर, उत्तराला दृष्टांत. राऊळांचं बोलणं तुटक, अर्धवट, कधी निरर्थक. शिष्याला सोपा मार्ग होता. त्या तुटक बोलण्याचा अर्थ सांगायचा, त्याला तत्त्वज्ञान चिकटवायचं, शिवी वगळायची. म्हाइंभट शिवी ठेवतात. राऊळ जिथे असंबद्ध बोलले तिथे असंबद्धच लिहितात. देवाचं बोलणं सुधारायला आपण कोण, हा त्यांचा सरळ हिशेब आहे, आणि त्या हिशेबामुळे तेराव्या शतकातला एक वेडगळ, लाघवी, हट्टी म्हातारा आजही त्या पानांतून तुमच्या अंगणात शिरतो.

सकाळची वेळ आहे. म्हाइंभट आळीतून येत आहेत. कुंभाराकडे विचारून झालं, तेल्याकडे झालं, गावकुसाबाहेर जाऊन आले. आता ते तुमच्यापाशी थांबतात. त्या दिवशी आळीत गलका झाला तेव्हा तुम्ही दाराशी होतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं आहे.

राऊळ किती घरांत शिरले, ते विचारतात. मडक्यात हात कोणता घातला, डावा की उजवा? त्यात काय होतं? तुम्ही सांगू लागता, की ते अगदी लहान मुलासारखे... म्हाइंभट हात वर करून थांबवतात. लहान मुलासारखे हे तुमचं झालं. त्यांनी केलं काय? मडकं शिंक्यावर होतं की चुलीपाशी? घरातली बाई काय म्हणाली? आणि हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, की नंतर लोकांकडून ऐकलंत?

तुम्ही आठवायला लागता. ते समोर मांडी घालून बसतात आणि बोरू शाईत बुडवतात.